किलोमागे किती रुपये? गाड्यांच्या वजनावर वाचकांचे प्रश्न

रेल्वे आणि मेट्रोच्या डब्यांचं, सुट्या भागांचं वजन घटवून चालवण्याचा खर्च कितपत कमी होतो, या विषयावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांचे प्रश्न आले होते. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. गणितात जिथे दर किंवा वेग गृहीत धरला आहे तिथे तसं सांगितलं आहे. तुमच्याकडे नेमका आकडा असेल तर तो घालून गणित पुन्हा मांडावं.

प्रश्न : नागपूर आणि पुणे, दोन्ही मेट्रो महामेट्रोच्याच. मग नागपूरचे डबे स्टेनलेस स्टीलचे आणि पुण्याचे ॲल्युमिनियमचे कसे? ॲल्युमिनियममुळे खरंच वीज वाचते का, की नुसती जाहिरात?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नागपूरच्या तीन डब्यांच्या गाड्या चीनच्या सीआरआरसी दालियन कारखान्याच्या आहेत, पुण्याच्या टिटागड गटाच्या. डब्याचा धातू बरेचदा कारखान्याची यंत्रणाच ठरवते. स्टेनलेसचा डबा पातळ पत्रे स्पॉट किंवा लेझर वेल्डने जोडून होतो आणि त्याला रंग लागत नाही. ॲल्युमिनियमच्या डब्याला डब्याइतक्याच लांबीचे पोकळ एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेले भाग) लागतात, ते काढणारा मोठा प्रेस लागतो आणि आपोआप चालणारी वेल्डिंग लाइन लागते. एका पद्धतीचा कारखाना दुसऱ्या पद्धतीचा डबा सहजासहजी काढत नाही.

आता विजेकडे वळू. गृहीत धरा : दोन स्टेशनांत १ किमी अंतर, मधला कमाल वेग ताशी ६० किमी, डबा दिवसाला ३०० किमी धावतो, वर्षाला ३३० दिवस, विजेचा दर युनिटला ८ रुपये. १ टन वजनाला ताशी ६० किमीपर्यंत न्यायला ०.०३८६ युनिट गतिज ऊर्जा लागते. ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर, मोटर आणि गिअरमधली घट आणि वेग घेतानाचा रोध धरला की तारेवरून सुमारे ०.०४८ युनिट खेचली जाते. ब्रेक लावताना मोटर जनित्र होते आणि त्यातली साधारण ०.०२० युनिट परत जाते. निव्वळ खर्च ०.०२८ युनिट, दर टनाला, दर स्टेशनाला. ३०० स्टेशनं आणि ३३० दिवसांनी गुणलं की वर्षाला सुमारे २,७७० युनिट, म्हणजे २२ हजार रुपये.

थोडक्यात, मेट्रोच्या डब्यातला एक किलो वर्षाला २२ रुपये खातो. डब्याचं आयुष्य ३० वर्षं धरलं तर सरळ गुणाकाराने ६६० रुपये होतात. पण आज घातलेल्या पैशावर ८ टक्के व्याज धरलं तर त्या सगळ्या बचतीचं आजचं मोल २५० रुपयेच भरतं. हा खरा निकष. एखादा भाग हलका करायला कमी झालेल्या किलोमागे २५० रुपयांहून जास्त खर्च येत असेल, तर निव्वळ विजेच्या हिशेबात तो व्यवहार तोट्याचा. ॲल्युमिनियमच्या डब्याने एक-दीड टन कमी केलं तर वर्षाला २२ ते ३३ हजार रुपये वाचतात. नुसती जाहिरात म्हणून उडवून लावण्याइतकी ही रक्कम लहान नाही, पण तेवढ्यावर डब्याची वाढीव किंमत निघतेच असंही नाही. चाकांची आणि रुळांची झीज, लहान मोटर, हलकी बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) हे फायदे वेगळे मोजावे लागतात. शिवाय ते तेव्हाच मिळतात जेव्हा वजन आराखड्याच्या सुरुवातीलाच कमी झालेलं असतं. मोटर आणि बोगी ठरल्यावर वाचवलेला टन फक्त वीज वाचवतो.

हेच गणित लांब पल्ल्याला लावून बघा. नागपूर–बिलासपूर वंदे भारत ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. अंतर ४१२ किमी, थांबे मोजकेच. कमाल वेग १३० आणि थांबे-वेगमर्यादा मिळून दहा वेळा वेग घ्यावा लागतो असं धरलं, तर १ टनाला अख्ख्या प्रवासात साधारण ४ युनिट लागतात. तेवढ्याच किलोमीटरला मेट्रोत साडेअकरा लागली असती. म्हणजे मेट्रोतला किलो लांब पल्ल्याच्या किलोच्या जवळजवळ तिप्पट महाग. वेगवान गाडीचा मोठा खर्च हवा कापण्यात जातो आणि हवेला गाडीच्या वजनाशी देणंघेणं नसतं. तरीही २०२२ ची सुधारित वंदे भारत ४३० टनांवरून ३९२ टनांवर आणली गेली, कारण ३८ टन म्हणजे एकूण वजनाचे जवळपास नऊ टक्के झाले आणि तेवढी गाडी वेगही लवकर पकडते.

प्रश्न : आमचं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम आहे. डब्याच्या खाली बसणाऱ्या यंत्राचे ब्रॅकेट आम्ही ८ मिमी प्लेटमध्ये करतो. ग्राहक म्हणतो २० टक्के वजन कमी करा. जास्त ताकदीचं स्टील घेऊन ६ मिमीची प्लेट वापरली तर चालेल का? की ॲल्युमिनियमवर जावं?
— लघुउद्योजक, हिंगणा

उत्तर : असं सरळ करू नका. ज्या कारखान्यांना हा प्रश्न पडतो ते बहुतेक सगळे आधी याच वाटेने जातात आणि वर्ष-दीड वर्षात वेल्डच्या टोकाला तडा घेऊन माल परत येतो.

कारण असं. आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या साध्या ई२५० च्या जागी जास्त ताकदीचं ई४५० घेतलं की स्टीलची ताकद वाढते, वेल्डची थकवा सोसण्याची ताकद मात्र वाढत नाही. वेल्डच्या टोकाशी जी सूक्ष्म खाच असते ती दोन्ही स्टीलमध्ये तेवढीच असते. वाकवणाऱ्या भाराखाली प्लेट ८ वरून ६ मिमी झाली की ताण १.७८ पट होतो. वेल्डचं आयुष्य ताणाच्या साधारण घनाच्या उलट चालतं, म्हणजे ते साडेपाच-पावणेसहा पटीने घटतं. ताकदीच्या गणितात पास झालेला ब्रॅकेट थकव्याच्या गणितात नापास होतो तो इथे.

दुसरी अडचण कंपनाची. प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ६ मिमीचा ताठपणा ८ मिमीच्या जेमतेम ४२ टक्के. वर बसलेल्या यंत्राचं वजन तेच राहिलं तर नैसर्गिक कंपनसंख्या ३५ टक्क्यांनी उतरते. समजा आधी ती ३७ हर्ट्झ होती, ती आता २४ वर आली. तुमच्या यंत्रात १४५० आरपीएमचा पंखा असेल तर त्याचे फेरे सेकंदाला २४ च होतात. ब्रॅकेट दिवसभर अनुनादात थरथरत राहील आणि बोल्ट सैल होतील. बोल्ट निकृष्ट होते असा ठपका मग बोल्टवाल्यावर येतो.

उपाय आकारात आहे. तुमची प्लेट २०० मिमी रुंद आणि ८ मिमी जाड असून भार तिच्या पृष्ठभागाला काटकोनात येतो असं समजू. तिच्या जागी त्याच ई२५० ची ५ मिमी प्लेट घ्या आणि दोन्ही कडा प्रेस ब्रेकवर वाकवा, बाहेरून एकूण उंची ३० मिमी ठेवून. छेदाचं क्षेत्रफळ १६०० वरून १२५० चौरस मिमीवर येतं, म्हणजे वजन २२ टक्क्यांनी कमी. ताठपणा मात्र सातपट होतो आणि कमाल ताण थोडा कमीच राहतो. महाग स्टील नाही, वेल्ड वाढलेला नाही, उलट वेगळी रिब लावत असाल तर तिचा वेल्ड वाचतो.

हे करताना चार गोष्टी सांभाळा. सगळ्यात जास्त ताण फ्लँजच्या, म्हणजे वाकवलेल्या भागाच्या, मोकळ्या कडेवर येतो. तिथे वेल्ड, भोक, अर्थिंगचा टॅब, काहीही लावू नका. लेझरने कापलेली कड ग्राइंडरने लांबीच्या दिशेने साफ करा, आडवे ओरखडे राहू देऊ नका. वाकाची आतली त्रिज्या प्लेटच्या जाडीपेक्षा कमी नको आणि शक्य असेल तिथे वाक प्लेटच्या रोलिंगच्या दिशेला आडवा घ्या. फ्लँज डब्याच्या अंगाला जिथे टेकतो तिथे पाणी साचणार नाही अशी खाच ठेवा, नाहीतर एका पावसाळ्यात रंग फुगतो.

आणि आराखडा बदलण्याआधी वजन करा. ड्रॉइंगवरचं नव्हे, तयार मालाचं : पाच नग, रंगासकट, बोल्ट-वॉशरसकट. ८ मिमी प्लेट चौरस मीटरला ६२.८ किलो भरायला हवी. मिलकडून जाड बाजूची प्लेट आली, वेल्डरने ६ मिमीच्या फिलेटऐवजी (कोपऱ्यातल्या तिकोनी वेल्डऐवजी) ८ चा भरला, रंगाचे तीन हात जास्त चढले, यातच चार-पाच टक्के निघतात. फिलेटचा आकार ६ वरून ८ झाला की वेल्डचं वजन १.७८ पट होतं, हेही लक्षात घ्या. ही बचत फुकटची आहे, ती आधी काढा.

ॲल्युमिनियमबद्दल. त्याचा ताठपणा स्टीलच्या एक तृतीयांश. वाकणाऱ्या प्लेटला तेवढाच ताठपणा द्यायचा तर ८ मिमी स्टीलच्या जागी साडेअकरा मिमी ॲल्युमिनियम लागतं आणि वजन निम्म्यावर येतं. कागदावर हे छान दिसतं. पण ६०८२ टी६ सारखा मिश्रधातू वेल्ड केला की उष्णतेने वेल्डलगतच्या पट्ट्यातली ताकद जवळजवळ निम्मी होते. त्यामुळे वेल्ड कमी ताणाच्या जागी सरकवावा लागतो किंवा बोल्टचा जोड घ्यावा लागतो. टी६ चा पत्रा लहान त्रिज्येत वाकवला तर चिरतो; वाकवायचं असेल तर ५७५४ किंवा ५०८३ घ्या. त्यातलं ५०८३ गरम जागी, म्हणजे कायम ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या यंत्राशेजारी वापरू नका, कणांच्या सीमांवर गंज धरून ते चिरतं. स्टीलचा बोल्ट थेट ॲल्युमिनियमवर बसवला आणि पाणी लागलं की ॲल्युमिनियम खातं. झिंक-फ्लेक लेप असलेला बोल्ट, जाड रुंद वॉशर आणि जोडात सीलंट हा किमान बंदोबस्त. वेल्डरची पात्रता ॲल्युमिनियमसाठी वेगळी घ्यावी लागते, आयएसओ ९६०६-२ प्रमाणे. स्टीलचा दाखला चालत नाही. मिश्रधातूबद्दल शंका असेल तर वाडीला अमरावती रोडवरचं जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र तुमच्यापासून लांब नाही. 

शेवटी चाचणी. डब्याच्या अंगावर बसणाऱ्या भागाला आयईसी ६१३७३ या कंपन-धक्का चाचणीच्या मानकाची पहिली श्रेणी लागते : तिन्ही दिशांना पाच-पाच तास कंपन, आणि धक्का लांबीच्या दिशेने ५० मीटर प्रति सेकंद वर्ग, आडवा-उभा ३०. तोच ब्रॅकेट बोगीवर गेला तर धक्का ३००, आणि ॲक्सलवर गेला तर १०००. एका जागी चाललेला हलका ब्रॅकेट दुसऱ्या जागी नेण्याआधी हे तीन आकडे आठवा. आराखड्यातला बदल ग्राहकाच्या लेखी मंजुरीशिवाय करू नका, तो कितीही चांगला असला तरी.

प्रश्न : उमरेड, कामठीकडून वीज केंद्रांना कोळसा जातो. कोळशाच्या वॅगन हलक्या केल्याने रेल्वेची वीज किती वाचते? ॲल्युमिनियमच्या वॅगन आल्या असं वाचलं होतं, त्या सगळीकडे का दिसत नाहीत?
— कोळसा वाहतुकीतील कर्मचारी, उमरेड

उत्तर : मालगाडीत वीज हा दुय्यम मुद्दा आहे. भरलेल्या वॅगनचं एकूण वजन रूळ आणि पूल किती सोसतात यावर ठरतं. वॅगन हलकी झाली तर तेवढा कोळसा जास्त भरतात आणि भरलेली गाडी पूर्वीइतकीच जड राहते. वीज वाचते ती फक्त रिकाम्या परतीच्या फेरीत.

जुनी बॉक्सएन वॅगन रिकामी २२.४७ टन, माल ५८.८१ टन, एकूण ८१.२८. स्टेनलेस स्टीलची बॉक्सएनएचएल रिकामी २०.६ टन, माल ७१ टन, एकूण ९१.६. माल १२ टनांनी वाढला हे बघून लोक म्हणतात हलक्या वॅगनची कमाल. तसं नाही. यात वजनघट १.८७ टनांची आहे. उरलेले दहा टन ॲक्सलवरचा भार २०.३२ वरून २२.९ टन करायला परवानगी मिळाली म्हणून आले. दोन्ही गोष्टी एका आकड्यात कालवू नयेत.

तरी १.८७ टन कमी नाहीत. ५८ वॅगनच्या रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, ते १०८ टन होतात. सपाट मार्गावर १०० किमी रिकामं परतताना या १०८ टनांमागे वाचणारी वीज साधारण ७० युनिट, म्हणजे ८ रुपये दराने पाच-साडेपाचशे रुपये. त्याच फेरीत १०८ टन कोळसा जास्त गेला, त्याचं भाडं याच्या कितीतरी पट. इटारसीकडून नागपूरच्या बाजूला येणाऱ्या गाडीला धाराखोह–मरामझिरी घाटात मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं. तिथे चढाचा हिशेब वेगळा : १०० मीटर उंची चढायला दर टनाला ०.२७ युनिट, घर्षण सोडून. घाटातून रिकामा रेक वर न्यावा लागत असेल तर हलकेपणाचं मोल वाढतं.

एक अट राहिलीच. हा फायदा माल वजनाने भरतो तेव्हाच. कापसाच्या गाठी किंवा हलका माल असेल तर वॅगन आकारमानाने आधी भरते आणि कमी केलेलं वजन भाड्यात उतरत नाही.

ॲल्युमिनियमचा पहिला रेक १६ ऑक्टोबर २०२२ ला भुवनेश्वरहून निघाला. ६१ वॅगनचा तो रेक. प्रत्येक वॅगन स्टीलच्या वॅगनपेक्षा ३.२५ टनांनी हलकी आणि रेकमागे १८० टन जास्त माल. वरचा सगळा सांगाडा लॉकबोल्टने (गनने कायमच्या आवळायच्या बोल्टने) जोडलेला, वेल्ड नाही. किंमत सुमारे ३५ टक्के जास्त, पण भंगारात जाताना ८० टक्के मोल परत येतं असं तेव्हा सांगितलं गेलं. या वॅगन खालून दार उघडणाऱ्या हॉपर प्रकारच्या आहेत, आणि ते महत्त्वाचं आहे. बॉक्सएन रिकामी करताना वीज केंद्रात टिपलर अख्खी वॅगन पकडून उलटी करतो. त्याचे क्लँप वरच्या कडेला दाबतात. टिपलर बंद असला की पोकलेनचा बकेट आत घालून उपसतात आणि बाजूच्या भिंतीला दणके बसतात. स्टीलचा पोचा हातोड्याने सरळ होतो किंवा ठिगळ वेल्ड होतं. ॲल्युमिनियमच्या भिंतीला यार्डातला वेल्डर ठिगळ लावू शकत नाही. लॉकबोल्टची गन आणि सुटे पॅनेल लागतात, आणि ती व्यवस्था प्रत्येक डेपोत नसते. दुरुस्तीसाठी एक वॅगन पंधरा दिवस बाजूला राहिली तर हलकेपणाची कमाई तिथेच संपते. म्हणून अशा वॅगन ठरलेली खाण ते ठरलेलं केंद्र या बंद फेरीत, खालून रिकाम्या होणाऱ्या मालाला शोभतात.

प्रश्न : हलकी वॅगन रुळावरून उतरायची भीती जास्त नाही का?
— वाचक, अजनी

उत्तर : रिकामी असताना असते, म्हणून दोन गोष्टी वजनाबरोबरच बदलाव्या लागतात. भरलेली बॉक्सएनएचएल रिकाम्या वॅगनच्या साडेचारपट जड. स्प्रिंग भरलेल्या वजनासाठी कडक ठेवली तर रिकामी असताना ती दबतच नाही, आणि रूळ थोडा पिळलेला असला की एका चाकावरचा भार उतरतो. चाक रुळावर चढतं ते तिथे. दुसरं ब्रेकचं. भरलेल्या गाडीइतका ब्रेक रिकाम्या वॅगनला लागला तर चाकं घसरतात आणि सपाट चट्टे पडतात. जुन्या वॅगनवर त्यासाठी रिकामी-भरलेली असं हाताने फिरवायचं हँडल असतं, आणि ते चुकीच्या बाजूला राहून जाणं हे यार्डातलं नेहमीचं दुखणं. वजन स्वतः ओळखून ब्रेक बदलणारी व्यवस्था असेल तरच वॅगन आणखी हलकी करण्यात अर्थ आहे.

प्रश्न : डब्यातली प्लायवूडची जमीन काढून ॲल्युमिनियम हनीकोंब पॅनेल टाकण्याचं काम घ्यायचा विचार आहे. किती वजन वाचतं आणि काय बिघडतं?
— ठेकेदार, बुटीबोरी

उत्तर : १९ मिमी प्लाय, घनता ७०० धरली तर चौरस मीटरला १३.३ किलो. २० मिमीचं हनीकोंब पॅनेल, वर-खाली १ मिमी पत्रा : पत्रे ५.४ किलो, मधली जाळी दीड, चिकटवणारा थर अर्धा-पाऊण, साडेसात किलो. चौरस मीटरला जवळपास सहा किलो वाचतात. डब्याची जमीन ६० चौरस मीटर धरली तर साडेतीनशे किलो. मेट्रोच्या डब्यात वर काढलेल्या दराने वर्षाला साडेसात-आठ हजार रुपये. चालू डब्यात एवढ्यासाठी जमीन उखडू नका. मोठ्या दुरुस्तीला जमीन निघणारच असेल तेव्हा घ्या.

बिघाड जवळजवळ नेहमी कडेला आणि भोकांपाशी होतो. सीटचा पाय बसवायला कामगार सरळ ड्रिल मारतो, बोल्ट आवळतो आणि वरचा पत्रा जाळीवर खचतो. बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, आठवड्यात सैल होतो. प्रत्येक बोल्टच्या जागी कारखान्यातच धातूचा भरीव इन्सर्ट बसवून घ्यावा, जागेवर ड्रिल पूर्ण बंद. कापलेली कड उघडी राहिली की पोछ्याचं पाणी आत शिरतं, चिकट थर सुटतो आणि पावलाखाली टकटक आवाज येऊ लागतो. दाराजवळचा पहिला मीटर सगळ्यात आधी जातो : तिथे पाणी, तिथेच ट्रॉली बॅगांची चाकं आणि उंच टाचांचा एकवटलेला भार. त्या पट्ट्यात वरचा पत्रा १ ऐवजी दीड मिमी घ्या. थोडं वजन वाढेल, वाढू द्या. आगीची चाचणी पॅनेल, गोंद आणि वरचा रबर मिळून अख्ख्या थराची मागा. तिघांचे वेगवेगळे दाखले जोडून चालत नाही.

प्रश्न : भिंतीतला ग्लासवूलचा थर पातळ केला तर?
— वाचक, सीताबर्डी

उत्तर : नागपुरात तरी नको. ५० मिमीचा थर, घनमीटरला २४ किलो, भिंती आणि छत मिळून १५० चौरस मीटर : एकूण वजनच १८० किलो. तो निम्मा केला तर ९० किलो, वर्षाला दोन हजार रुपये वाचले. बाहेर-आत १५ अंशांचा फरक धरला तर अर्ध्या थरातून १.८ किलोवॅट उष्णता जास्त आत येते. ती बाहेर काढायला एसी पाऊण किलोवॅट जास्त घेतो. रोज १६ तास आणि उन्हाळ्याचे १२० दिवस मिळून सुमारे १,४०० युनिट, म्हणजे अकरा हजार रुपये. मे महिन्यात छताचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, तो धरलेलाच नाही.

प्रश्न : एलएचबी (जर्मन आराखड्याचे) डबे हलके, मग त्या गाड्यांना मागेपुढे जड जनरेटर डबे का लावायचे?
— निवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : आता बऱ्याच गाड्यांत त्यांची गरज उरलेली नाही. अजनी शेडमध्येही असणाऱ्या डब्ल्यूएपी-७ इंजिनात हॉटेल लोडचा (डब्यांतल्या दिवे-एसीच्या विजेचा) कन्व्हर्टर बसवला की तारेवरची वीज ७५० व्होल्टवर इंजिनातूनच डब्यांना जाते आणि डिझेल सेट बंद राहतात. दोन जनरेटर डब्यांपैकी एकाच्या जागी प्रवासी आणि सामानाचा डबा लागतो. दुसरा राखीव म्हणून ठेवतात, कारण वाटेत असं इंजिन मिळालं नाही तर दिवे आणि एसी बंद पडून चालत नाही. इथे खरी बचत डिझेलची. वजन त्यापुढे किरकोळ.

प्रश्न : पोकळ ॲक्सलने चाकजोडी हलकी होते म्हणतात. मध्येच भोक पाडल्यावर ताकद जात नाही का?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, वर्धा

उत्तर : फार कमी जाते. १७० मिमी व्यासाच्या ॲक्सलमध्ये ६५ मिमीचं भोक पाडलं तर धातू साडेचौदा टक्के निघतो, २.२ मीटर लांबीला सुमारे ५७ किलो. वाकणं सोसण्याची ताकद मात्र २ टक्केच उतरते, कारण वाकताना काम बाहेरचा थर करतो आणि मधला धातू जवळजवळ बसून असतो.

फायदा कुठे होतो ते नीट समजून घ्या. फिरणाऱ्या वस्तूला पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून चाकाचा एक किलो दीड किलोसारखा मोजतात. मोटरचा रोटर गिअरमुळे चाकाच्या पाच-सहापट वेगाने फिरतो. त्याचा एक किलो तीन किलोच्या घरात जातो. ॲक्सलच्या मधलं भोक मध्यावर असल्यामुळे हा फायदा देत नाही. पण ॲक्सल स्प्रिंगच्या खाली असते, रुळाच्या प्रत्येक जोडावर तिचा मार थेट रुळावर बसतो, आणि तिथले ५७ किलो कमी होणं हे डब्यातल्या ५७ किलोंपेक्षा रुळाला जास्त सोसवतं. भोकाचा दुसरा उपयोग तपासणीचा : आतून अल्ट्रासॉनिक प्रोब फिरवून चाक न काढता तडा शोधता येतो. निव्वळ तपासणीसाठी ३० मिमीचं भोक पुरतं, त्याने मात्र १२ किलोच कमी होतात.

बिघडतं ते टोपण. तपासणीनंतर टोकाचं टोपण सील न लावता बसवलं की धुण्याचं पाणी आत जातं. भोकाच्या आतल्या गंजाचे खड्डे प्रोबवर तड्यासारखे दिसतात आणि चांगली ॲक्सल बाद होते. टोपणाचं सील प्रत्येक वेळी नवं, आणि बसवण्याआधी भोक कोरडं करून गंजरोधक तेलाचा हात.